निळा पाय

प्रदर्शनातल्या त्या मोठ्या चित्रात एक बाई स्टुलावर बसली होती. चेहरा हिरवट, खांदे वेडेवाकडे आणि डावा पाय गुडघ्याखाली गडद निळा. त्या निळ्यात मी दुःख, एकटेपण, काय काय शोधत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक वयस्कर बाई तिथेच असलेल्या चित्रकर्तीला म्हणाल्या, "हा पाय बधिर व्हायचा गं माझा. तुला कसं कळलं? मी तर कधी बोलले नव्हते."

म्हणजे चित्रातल्या बाई याच. कला महाविद्यालयात वर्षानुवर्षं मुलांसमोर मॉडेल म्हणून बसलेल्या.

"दिसत होतं, मावशी," चित्रकर्ती खाली बघत म्हणाली. "पण तुम्ही हलला असता तर चित्र बिघडलं असतं. म्हणून गप्प राहिले."

नीट बघणं म्हणजेच माया, असं मी आजवर समजत आलो. बघूनही गप्प राहिल्याची टोचणी मात्र त्या निळ्यात होती, आणि ती मला दिसलीच नव्हती.

चित्रकर्तीने खुर्ची ओढून आणली. मावशी बसल्या आणि सवयीने मान कलती करून अगदी स्तब्ध झाल्या.

"हला ना, मावशी," ती म्हणाली. "आता हला."