नंबर माझा, फोन मामाचा

डोलवीला कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करत होते तेव्हाची गोष्ट. शिफ्टला आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागे. एका दुपारी बाहेर येऊन पाहते तर अनोळखी नंबरांचे मिस्ड कॉल ढिगाने. रामवाडीला घरी पोचेपर्यंत आणखी फोन आले. एका बाईंनी माझी उंची विचारली, आणि ती चपलेसकट की चपलेशिवाय, हेही. एका गृहस्थांना मी नोकरी कधी सोडणार ते आधी ठरवून हवं होतं. तिसऱ्याला लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं, तो कर्जतकडचे प्लॉट विकत होता. संध्याकाळी मात्र कुणीतरी माझाच फोटो मला पाठवून खाली नको ते लिहिलं, तेव्हा हसू थांबलं.

उंची विचारणाऱ्या बाईंना परत फोन केला, तेव्हा उलगडा झाला. रोह्याच्या माझ्या मामाने फोटो आणि नंबरासकट माझा बायोडेटा लग्नाच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तिथून तो कुठेकुठे गेला होता.

वडील गेल्यापासून मामानेच आमचं सगळं पाहिलेलं. त्याला बोलायचं कसं, म्हणून आई गप्प. शेवटी रविवारी मीच एकटी गाडीने रोह्याला गेले. मामीने वालाचं बिरडं केलं होतं. जेवण होईपर्यंत मी विषय काढला नाही. मग तो घाणेरडा मेसेज सोडून बाकी सगळं सांगितलं. मामाला त्यात काही वावगं वाटेना.

"अगो, नंबर दिल्याशिवाय स्थळं येतील कशी?" तो म्हणाला.

"मला विचारायचंस तरी."

"तुला काय विचारायचं? मी परका हाय काय?"

मी फोन उघडून तो मेसेज त्याच्यासमोर धरला. त्याने चष्मा लावला, वाचला, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला. मामी ताटं उचलायला लागली. मग मामा म्हणाला, की माझा नंबर काढून त्याचा घालू, येईल त्याच्याशी तो बोलेल. त्याने प्रत्येक ग्रुपवाल्याला स्वतः फोन करून जुना बायोडेटा काढायला लावला. एकजण ऐकेना, तर त्याच्या घरी जाऊन बसला. नवा बायोडेटा मी मामाकडेच बसून केला, फोटोशिवाय.

पुढचे दिवस मामाचे. त्याची दुपारची झोप गेली. मामी मला फोनवर रोजच्या बातम्या द्यायची: आज एकाने मामालाच विचारलं, स्वयंपाक येतो का. मामा म्हणाला, चहा येतो. दुसरा एकजण मुलीलाच फोन द्या म्हणून हटून बसला, तेव्हा मामाने त्याला नंबर म्हणजे काय गावची विहीर वाटली का, असं सुनावलं. प्लॉटवाल्याने त्यालाही गाठलंच.

त्याच सुमारास एका मुलाचा फोन आला. जिते गावचा, पनवेलला नोकरीला. मामाने सवयीप्रमाणे नंबर मिळणार नाही म्हणून आधीच बजावलं. तो म्हणाला, नकोच, माझा त्यांना द्या, वाटलं तर करतील. मामाला हे इतकं आवडलं की त्याने लगेच मला फोन लावला.

"त्याचा नंबर तुला देऊ काय? तो दे म्हणालाय, तरी तुला विचारतो," तो म्हणाला.

मी घेतला, पण केला नाही. वाटलं, पाहू किती धीर धरतो. त्याने ना मामाला पुन्हा फोन केला, ना कुणाकरवी निरोप पाठवला. आठवडाभराने मीच केला. मी नाव सांगितलं तर पलीकडे नुसता गलका. मग तो म्हणाला की तो बाजारात उभा आहे, हातात कोळंबीची पिशवी आहे, घरी पोचून निवांत बोललो तर चालेल का, आणि या नंबरावर त्याने फोन केला तर चालेल का.

मी चालेल म्हटलं. आता आमच्या घरी कोळंबी तोच आणतो आणि साफही तोच करतो.

मामा अजून तसाच आहे, फक्त एक खोड नवी लागली आहे. परवा शेजाऱ्यांना प्लंबर हवा होता, नळ गळत होता. मामाने त्यांना ओटीवर बसवलं, आधी प्लंबरला फोन लावून त्याची परवानगी घेतली, आणि मगच नंबर दिला. तोवर शेजाऱ्यांच्या मोरीत पाणी साचलं होतं.