हवल्लीतलं वाचनालय आणि उपरोक्त भाजी

वाचनालयातून नेलेलं पुस्तक परत येईलच असं नाही. किस्सा मात्र हमखास परत येतो, आणि येताना थोडा जाड होऊन येतो! आमच्या कुवेतमधल्या हवल्लीच्या मराठी वाचनालयात पुस्तकं असतील चारशेच्या आसपास. किस्से मोजायचं मी सोडून दिलं आहे. चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "काका, तो देशमुखांचा सांगा ना!" पंचाईत एवढीच की देशमुख तेव्हा समोर बसलेले असतात. आज ते आलेले नाहीत, तेव्हा सांगून टाकतो.

पण आधी थोडी पार्श्वभूमी. मी साताऱ्याकडच्या एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांचे अर्ज वाचले. मुलगा इथे कुवेतमध्ये बँकेत, म्हणून आम्ही दोघंही इथे. रिकामा माणूस दिवसभर घरात बसला की सुनेला त्रास होतो. हे तिने न बोलता सांगितलं, मी न विचारता समजून घेतलं आणि दिवाणखान्याची एक भिंत मागून घेतली. त्या भिंतीला वाचनालय म्हणतात. शुक्रवारी सकाळी मोठ्यांची देवघेव, आणि चार ते सहा मुलांचा वाचनकट्टा.

*

पहिल्याच शुक्रवारी दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, अबू करीम. इजिप्तचा माणूस, मिशीवाला, सगळ्यांवर लक्ष. त्याने माझ्या मुलाला हटकलं, "काय चाललंय वर?"

मुलगा म्हणाला, "मक्तबा." अरबीत वाचनालयाला मक्तबा म्हणतात.

दुकानालाही मक्तबाच म्हणतात, वह्या-पेनं मिळतात त्या. हे मुलाला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी अबू करीम दारात हजर. त्याला हव्या होत्या दोन वह्या, एक निळं पेन आणि बताक्याची, म्हणजे ओळखपत्राची, झेरॉक्स! आमच्या हिने नातवाच्या दप्तरातल्या वह्या दिल्या, मुलाच्या प्रिंटरवर झेरॉक्स काढून दिली. नाही कसं म्हणणार? अबू करीम खूश. जाता जाता मला म्हणाला, "उस्ताद, सामान चांगलं आहे. पण दुकान फक्त शुक्रवारी उघडता? अशानं धंदा कसा होणार?"

*

कपाट केलं महेश परबने. कणकवलीकडचा सुतार, वय छत्तीस. एका कंत्राटदाराकडे कामाला. मिरकाबच्या एका जुन्या इमारतीत सहा जणांच्या खोलीत राहतो. साइटवरची उरलेली फळकुटं साहेबाला विचारून घेऊन आला.

"काका, पुस्तकां केवढी असत?"

म्हटलं, "सगळ्या मापांची."

त्याने टेप गुंडाळून खिशात घातली. "मगे आधी ती एका मापाची करून आणा. कपाट मी उद्या करतंय!"

कपाट उत्तम झालं. मी म्हटलं, "महेश, पहिलं पुस्तक तू ने. हवं ते घे." मला वाटलं, भुताखेतांचं काहीतरी उचलेल. त्याने हत्तीचं चित्र असलेलं सोळा पानांचं पुस्तक काढलं.

"माझ्यासाठी न्हय. चेडवासाठी."

चेडू म्हणजे मुलगी. तन्वी. तिसरीत आहे. महेश तीन वर्षांत गावी गेलेला नाही. एकदा कंपनी बदलली, एकदा कागद अडकले, एकदा काम संपेना. सुरुवातीला तन्वी फोनवर चिवचिव करायची. मग नुसतं "हां" म्हणून फोन आईकडे द्यायला लागली. आता येतच नाही.

"माका तरी खंय बोलूक सुचता?" महेश म्हणाला. "जेवलंस काय, इचारतंय. ता म्हणता हां. संपला! म्हटलं, गोष्ट वाचून दाखवलंय तर फोनार थांबात तरी."

अडचण अशी की महेशची शाळा चौथीत सुटली होती. हातात पुस्तक धरायची सवय मोडलेली. मान खाजवत म्हणाला, "काका, पोरांबरोबर बसलंय तर चलात?"

न चालायला काय झालं? वाचनकट्ट्याच्या हजेरीपत्रकात नाव, वय, इयत्ता असे रकाने होते. मी लिहिलं : महेश परब, छत्तीस, इयत्ता सुतार.

*

आता देशमुख. मोठ्या कंपनीत अकाउंट्स बघतात. सबाह अल-सालेमहून खास गाडी काढून येतात आणि पुस्तक वजनावर निवडतात. हलकं पुस्तक त्यांना चालत नाही. दर आठवड्याला एक जाडजूड नेतात आणि परत करताना वहीत अभिप्राय लिहितात. "आशय गहन." "लेखकाची पकड सुटते." एकदा नुसतंच "हं."

आमच्या वरच्या मजल्यावर मारियाबाई राहतात. रोमानियाच्या. त्यांचंही असंच वाचनालय आहे, त्यांच्या लोकांचं. शनिवारी मुलांचा वर्गही घेतात. त्यांच्या मुलांना रोमानियनमध्ये विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं, हे कळल्यापासून आमचं फार पटतं.

त्यांच्या पुस्तकांचं एक खोकं अबू करीमने चुकून आमच्या दारात ठेवलं. मक्तब्याचा माल म्हणून! आमच्या हिला वाटलं, कुणीतरी भेट दिली. चष्मा सापडत नव्हता, पण उत्साह होता. तिने सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, पाठीवर नंबर टाकले आणि कपाटात लावून टाकली.

त्या शुक्रवारी देशमुखांनी तीनशे बारा नंबरचं पुस्तक हातात तोललं, मान डोलावली आणि नेलं. पुढच्या शुक्रवारी परत. अभिप्राय : "भाषा समृद्ध, परंतु मधला भाग रेंगाळतो."

दोन दिवसांनी मारियाबाई खोकं शोधत आल्या तेव्हा सगळा उलगडा झाला. मी शरमून वही दाखवली आणि माझ्या कचेरी-इंग्रजीत देशमुखांचा अभिप्राय सांगितला. मारियाबाईंनी ते पुस्तक हातात घेतलं, चाळलं, थोडा विचार केला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मधला भाग खरंच रेंगाळतो."

*

इथली पुस्तकं विमानाने येतात, म्हणजे लोकांच्या बॅगांतून, लोणच्यांच्या शेजारून. एका रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर कैरीचं तेल असं काही पसरलं की खुनी कोण ते दिसेना. दोन वर्षं त्या एका पानावर आमच्याकडे वाद चालू होते. एक म्हणे डॉक्टर, एक म्हणे पुतण्या. दोन घरांत अबोला झाला!

शेवटी एकाने पुण्याहून कोरी प्रत आणली. खुनी माळी निघाला. सगळ्यांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि एकमताने ठरवलं की तेलाचीच प्रत चांगली होती.

*

मुलांच्या कट्ट्यावर मी नियम केला : मराठीतच बोलायचं, मराठीतच लिहायचं. आता माझं मराठी कोणतं? जन्मभर कचेरीत वापरलं ते! मुलांना काही हवं असेल तर मी अर्ज करायला लावायचो. प्रति, विषय, महोदय, कळावे. मुलांना ते एखाद्या खेळासारखं आवडलं.

महिन्याभराने इराच्या आईचा फोन. इरा नऊ वर्षांची, कट्ट्यावरची सगळ्यांत तरतरीत.

"काका, तुम्ही नक्की काय शिकवताय?"

"का? काय झालं?"

"काल मी भोपळा केला होता. तर ताट सरकवून म्हणते, 'आई, उपरोक्त भाजी मला नको!'"

मी म्हटलं, "वाक्य बरोबर आहे."

त्याच आठवड्यात दहा वर्षांच्या अर्जुनने आईला लेखी दिलं : "विषय : शनिवारचा गणिताचा क्लास रद्द करणेबाबत." आईने नामंजूर केलं. अर्जुनने वडिलांकडे अपील केलं. वडील आयटीत. त्यांनी ऑफिसच्या सवयीने उत्तर पाठवलं, "या विषयावर मॅनेजमेंटचं एकमत आहे." अर्जुन मला विचारायला आला, "आजोबा, वडिलांच्या वर कोण असतं?"

*

महेश मात्र मान खाली घालून वाचत होता. बोट ठेवून, ओठ हलवत. जोडाक्षर आलं की त्याची गाडी अडायची, आणि मग मुलांची चंगळ.

"महेश अंकल, प-र-धा-न नाही, प्रधान!" इरा ओरडायची.

महेशही सोडायचा नाही, कारण मुलांच्या तोंडून ळ निघत नव्हता. इरा ऐटीत वाचायची, "अंगणात बाल खेलत होतं."

"बाल खेलत होता?" महेश म्हणायचा. "म्हणजे केस उडत होते काय? बाळ म्हण! जीब वर लाव. बाळ!"

मग पाच-सहा मुलं दिवाणखान्यात जीभ टाळूला लावून "बाळ, खेळ, काळा फळा" करत बसायची, आणि सून आतून बघायला यायची की कुणाला उलटी तर होत नाही.

दीड महिन्याने महेशने हत्तीची गोष्ट फोनवर रेकॉर्ड केली. कट्ट्यावरच, सगळ्यांसमोर. सोळा पानांना वीस मिनिटं लागली. मागून मुलांचं प्रॉम्प्टिंग, मध्येच आमच्या हिचा "चहा कुणाकुणाला?" जसंच्या तसं कणकवलीला गेलं.

पुढच्या शुक्रवारी महेश पुस्तक न उघडताच बसला होता.

"ऐकलं का रे तिने?"

"ऐकल्यान," तो म्हणाला. "आयेक सांगल्यान, बाबाक सांग, ह्या माका दुसरीतच होता."

मुलं खो खो हसली. महेशही हसला, पण सगळ्यांच्या नंतर हसायला लागला आणि सगळ्यांच्या आधी थांबला. ते इराच्या लक्षात आलं.

*

"ती फोनवर येतच नाही का?" इराने विचारलं.

"येणा नाय."

"अर्ज केला होता?"

तोवर अर्जुनने कागद पुढे ओढला होता.

मसुद्याला तास लागला. मी एक शब्द सांगितला नाही, शपथेवर सांगतो. कागद असा तयार झाला :

"प्रति, कुमारी तन्वी महेश परब, इयत्ता तिसरी.
विषय : फोनवर येणेबाबत.
महोदया, अर्जदार आपला बाबा आहे. तो दर शुक्रवारी फोन करतो. आपण फोनवर येत नाही. अर्जदार चांगला माणूस आहे. त्याने आमचं कपाट केलं. तो आता जोडाक्षर वाचतो. तरी आपण रोज पाच मिनिटे फोनवर यावे, ही विनंती."

महेशने बोट ठेवून सगळं वाचलं आणि म्हणाला, "पाच मिनिटां खूप झाली. दोन लिवा. आणि रोज नको. फक्त शुक्रवार."

इराने खाडाखोड करून दुरुस्ती केली. महेशने खाली लिहिलं, "आपला अर्जदार, बाबा." अर्जुनने पट्टी घेऊन तळाला एक चौकट आखली आणि तिच्यावर लिहिलं, "कार्यालयीन वापरासाठी." कागदाचा फोटो गेला.

पुढच्या शुक्रवारी चारला पाच मिनिटं कमी असताना महेश आला. उत्तर सकाळीच आलं होतं, पण त्याने ते उघडलं नव्हतं. म्हणाला, "म्हटलं, सगळ्यांसमोरच उघडूया." मुलं त्याच्या खांद्यांवर चढली. बायकोने गावात अर्जाची प्रिंट काढून तन्वीच्या हातात दिली होती, आणि आता त्या प्रिंटचा फोटो आला होता. तळाच्या चौकटीत पेन्सिलीने, चौकट फुटेल एवढी मोठी अक्षरं.

"अप्रूव्ह झालं?" अर्जुनने विचारलं.

"मराठीत!" इरा ओरडली. "अंकल, मंजूर की नामंजूर?"

महेशने पडद्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं,

"अर्जदाराने स्वता यावे. फोन चालनार नाही."