फुकटचा पहिला धडा

सिर्गाला नदीची भीती नाही, माणसांची आहे. नारिन शहरात नदीचं पाणी मोजायच्या कचेरीत आम्ही दोघी कामाला. मी आकडे उतरवते, ती पाण्यात उतरते. ऐन जानेवारीत बर्फ फोडून मोजपट्टी खाली सोडताना तिच्याबरोबरचे पुरुष शिव्या घालतात, ही गप्प असते. साहेबांनी एखादा आकडा जरा बरा दाखवायला सांगितला, तर तोंडावर नाही म्हणते. आणि हीच बाई घरच्या जेवणात वडीलधाऱ्यांनी पुढे केलेला चरबीचा तुकडा नको असला तरी मुकाट्याने गिळते. मी तिच्या चुलतभावाची बायको, त्यामुळे मला तिची दोन्ही रूपं दिसतात. दिसतात आणि संताप येतो.

तिला हिमनद्या शिकायच्या होत्या. आमच्या डोंगरावरचा बर्फ किती उरलाय हे आम्ही खालून पाणी मोजून अंदाजाने सांगतो, तिला वर जाऊन बघायचं होतं. परदेशातल्या एका प्राध्यापकाला तिने पाठवलेली मोजमापं आवडली आणि त्याने शिष्यवृत्तीसाठी तिचं नाव पुढे केलं. अडचण दोनच गोष्टींची होती. जीआरई नावाच्या परीक्षेत गणिताला चांगले गुण हवे होते, आणि पस्तीस पूर्ण झाली की ती शिष्यवृत्ती मिळत नव्हती. सिर्गा चौतीस संपवत होती. म्हणजे मिळाली तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

गणित तिला येत होतं. पण ही परीक्षा गणिताची कमी आणि माणसाला चकवायची जास्त. म्हणून तिने घरबसल्या शिकवणारे वर्ग शोधायला घेतले. फोनवर बघावं तर सगळे एकाच आईचे. सगळ्यांकडे यशाची हमी, सगळ्यांकडे पांढरे दात दाखवणारे विद्यार्थी. सिर्गा म्हणाली, "वहिनी, दात बघून घोडा घेतात, मास्तर नाही घेत." मग तिने प्रत्येकाचा फुकटचा पहिला धडा बघायचं ठरवलं. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत तेच चालायचं.

त्यात एक बाई सापडली, शेजारच्या देशातल्या करागंदा शहराची. ना हसणं, ना संगीत. नाक चोंदलेलं, मागे भिंतीला लोकरीचा कोट टांगलेला. आल्या आल्या तिने विचारलं, "एखादी संख्या मोठी, की तिचा वर्ग मोठा?" सिर्गा फोनकडे बघून पटकन म्हणाली, "वर्ग." बाई म्हणाली, "वर्ग म्हणालात ना? आता अर्धा घालून बघा." अर्ध्याचा वर्ग पाव. सिर्गा बघतच राहिली, मग एकटीच हसायला लागली.

"वहिनी, इतकी वर्षं मोजतेय, पण मी कुठे चुकते ते या बाईने पाच मिनिटांत दाखवलं."

"मग हीच घे."

"हीच घेणार. शनिवारी आबांना सांगते आणि नाव घालते."

आता कुणी विचारेल, चौतीस वर्षांच्या कमावत्या बाईने आबांना सांगायचं कशाला? तिचे वडील त्याच वर्षी गेले होते आणि ओस्मोनकुल आबा त्यांचे थोरले भाऊ. आमच्याकडे न सांगता केलेलं काम चोरीचं समजतात. माझं म्हणणं होतं, आधी नाव घाल, मग सांग. पण वहिनीचं कोण ऐकतं.

शनिवारी आबांकडे मेंढी कापली होती. मी सून, म्हणून दाराजवळ बसून चहा ओतत होते. मांस वाटून झालं, शेवया-मांसाचं बेशबारमाक संपत आलं, तेव्हा सिर्गाने विषय काढला.

"कोण बाई?" आबांनी विचारलं.

"करागंदाची आहे, आबा."

"कुणाची कोण?"

"ते नाही माहीत. शिकवते चांगलं."

"कुणाची कोण ते माहीत नाही, पण शिकवते चांगलं ते माहीत," आबा म्हणाले आणि सगळे हसले. "अगं, आपला मेदेत आहे ना. बिश्केकमध्ये बसून अर्ध्या देशाला शिकवतो. सात पिढ्या मागे गेलं की सातव्या बापाला आपण एकच. घरचं सोडून परक्याच्या दारात कशाला?"

आपला तो बाब्या. मेदेतने कुणाला कुठे पोचवलं हे त्या सतरंजीवर कुणालाच माहीत नव्हतं, पण त्याचे सात बाप सगळ्यांना पाठ होते. तेवढ्यात कुणीतरी त्याला फोन लावला आणि मध्ये ठेवला.

"आबा, सिर्गाकडून मी फी घेऊ?" फोनमधून मेदेत म्हणाला. "लोक थुंकतील माझ्यावर. आपलीच आहे ती. तिला पोचवणं माझ्याकडे लागलं."

सिर्गाने चहाची वाटी खाली ठेवली. "आबा, मी एक बोलू का..."

पण आबांचे तळवे उघडले होते. ते बाता द्यायला लागले. बाता म्हणजे थोरांचा आशीर्वाद, आणि तो चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. वाट सरळ होवो, मेदेतच्या विद्येने सिर्गाचं नाव होवो. एकेक करून सगळ्यांचे हात वर गेले. सिर्गाने माझ्याकडे बघितलं आणि तिचेही हात वर गेले. "ओमीन" म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले आणि करागंदाची बाई तिथेच संपली. दिलेला बाता कुणी परत करत नाही. फी वाचली, म्हणून साठवलेले पैसे वडिलांच्या वर्षाच्या जेवणाला कापायच्या घोड्यात गेले. त्यालाही ती नाही म्हणाली नाही.

मेदेत लबाड नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो मनाचा मोठा होता आणि त्याला शिकवता येत नव्हतं. जुने धडे भरून ठेवलेले, शब्दांची लांबच लांब यादी पाठ करायची, आणि उत्तरं अशी असतात म्हणून तशीच द्यायची. अशी का, हे विचारलं की तो म्हणायचा, "तू हुशार आहेस, तुला येईल." फोनवरच्या थेट वर्गात तर तो सगळ्यांना सांगायचा, ही नारिनची सिर्गा, माझी बहीण, बर्फात उभी राहून नदी मोजते. पडद्यावर टाळ्यांच्या खुणा पडायच्या. तिचा प्रश्न राहून जायचा.

सराव परीक्षेत गुण होते तिथेच राहिले, मग घसरायला लागले. तिचं जेवण कमी झालं. एकदा पुलावर यंत्र पुसता पुसता म्हणाली, "वहिनी, मेदेत मला शिकवत नाही. माझं कौतुक करतो."

"सोड मग."

"कशी सोडू? आबांचे हात वर गेले होते."

"वर गेलेले हात खालीही येतात, सिर्गा."

"तुम्हाला बोलायला काय जातं? मेदेतला टाकलं की तो त्याच्या आईला सांगणार, ती आबांना. आबा म्हणतील, भाऊ गेला आणि वर्षाच्या आत त्याची पोर माझा शब्द मोडायला लागली."

ते खरंच तसंच म्हणाले असते. ती पुलाच्या टोकाला गेली आणि कानाला फोन लावला. मला वाटलं, रडतेय. जवळ गेले तर तोच चोंदलेला आवाज येत होता, "आता अर्धा घालून बघा." तो एकच धडा फुकट होता. ती तो पुन्हा पुन्हा ऐकायची.

परीक्षा बिश्केकला झाली. गुण थोडेसेच कमी पडले, आणि ते थोडेसेच आहेत याने मला जास्त जाळलं. प्राध्यापकाने सभ्य शब्दांत दुःख कळवलं. आबा म्हणाले, "नशीब." मेदेतने आपल्या वर्गाच्या पानावर तिचा नदीतला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, आमच्या सिर्गाने परीक्षा दिली. दिली एवढंच लिहिलं. पुढे काय झालं ते लिहिलं नाही. त्या वसंतात सिर्गा पस्तीस वर्षांची झाली.

पुढल्या शरदात पुन्हा आबांकडे जेवण होतं. आबांची नात पेरिझात, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, तिला तीच परीक्षा द्यायची होती. आबा खुशीत होते. "शोधाशोध कशाला? मेदेत आहे." आणि त्यांचे तळवे उघडले.

सगळ्यांचे हात वर गेले. मी चहाची किटली खाली ठेवली, माझेही जाणारच होते. सिर्गाचे हात मात्र गुडघ्यांवर होते. पहिल्यांदा वाटलं तिचं लक्ष नाही. मग आबांनीही बघितलं आणि ते शब्द विसरले.

"हात," माझी सासू कुजबुजली.

"आबा, आधी मला बोलू द्या," सिर्गा म्हणाली. "मेदेतला शिकवता येत नाही. मला महिनाभरात कळलं होतं. तुमचा शब्द राहावा म्हणून मी बोलले नाही, आणि माझं गेलं. हिचं घालवू नका."

"तेव्हा का नाही बोललीस?" आबांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"बोलत होते, आबा. तुम्ही हात वर केलेत."

आबांनी आपल्या उघड्या हातांकडे बघितलं. मग तोंडावरून न फिरवताच त्यांनी ते खाली घेतले आणि घोडे बघायला म्हणून बाहेर निघून गेले. बाता अर्ध्यात राहिलेला मी जन्मात पाहिला नव्हता. सासूने सिर्गाकडे पाठ फिरवली. कुणी तिला चहा विचारला नाही, म्हणून मीच वाटी भरून तिच्या हातात दिली.

पेरिझात तिच्याजवळ सरकली. "आत्या, मग कुणाकडे शिकू?"

"करागंदाची एक बाई आहे. संख्या मोठी की तिचा वर्ग मोठा?"

"वर्ग."

"आता अर्धा घालून बघ."

मग सिर्गाने तिला तो अख्खा धडा सांगितला, बाईचं नाक ओढणं सोडलं तर शब्दन् शब्द. पोरगी ओठ हलवत मनात हिशेब करत होती. धडा संपला तसे तिचे डोळे चमकले.

"आणि पुढचा धडा, आत्या?"

"पुढचा मी पाहिलेला नाही," सिर्गा म्हणाली.