राजा अडला की आम्ही बोलायचो

वसंतराव आपट्यांनी हात वर केला. आमच्या स्टुडिओत त्याचा अर्थ ‘सिनेमा थांबवा’. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांचा हात सहाव्यांदा वर गेला होता. आज बुधवार, आणि शुक्रवारी काम क्लायंटच्या हातात द्यायचं होतं.

मी इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका कंपनीत ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहितो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सिनेमात एक जादा आवाज घालतात. पडद्यावर काय चाललंय ते तो आवाज सांगतो. त्याची वाक्यं लिहिणं हे माझं काम. मुख्य नियम एकच: पात्रं बोलत असताना आपण बोलायचं नाही. दोन संवादांच्या मध्ये मोकळी जागा सापडते, तिला आम्ही गॅप म्हणतो. सॉफ्टवेअर त्या गॅप शोधून हिरव्या पट्ट्यांनी दाखवतं. सेकंदाला साधारण तीन शब्द बसतात, म्हणजे चार सेकंदांच्या गॅपमध्ये बारा. अकाउंट्समधली नोकरी सोडून मी इथे आलो तेव्हा बायको म्हणाली होती, ‘म्हणजे आता पैशांऐवजी सेकंद मोजणार.’ खरंच आहे ते.

सिनेमा मोठा नावाजलेला, ऐतिहासिक. वडील वारल्यावर एका राजपुत्राला गादीवर बसावं लागतं, आणि तो बोलताना अडतो. राज्याभिषेकाची शपथ भर सभेत, मोठ्याने घ्यायची आहे. ती त्याला जमणार का, एवढीच गोष्ट. आमच्या दृष्टीने हे सोपं काम होतं. हिरव्या पट्ट्या जागोजाग, आणि सांगायलाही भरपूर: झुंबरं, झगे, चांदीच्या पेट्या. मी सगळं बसवलं. माझी मॅनेजर हेलन खूश झाली. ‘एक सेकंदही वाया गेलेला नाही,’ ती म्हणाली.

काम देण्याआधी ते एका दृष्टिहीन माणसाला ऐकवून घेतात. वसंतराव त्यासाठी लेस्टरहून यायचे. तिथे त्यांचं केमिस्टचं दुकान होतं. ग्लॉकोमाने नजर गेल्यावर त्यांनी ते विकलं. येताना ते तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानातला चिवडा आणत आणि ठरलेली फी चोख घेत. बोलताना ते स्वतःही अडायचे. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विषय मात्र कोणी काढत नसे.

‘काय झालं, वसंतराव?’ मी विचारलं.

ते बोलायला लागले आणि पहिल्याच शब्दावर थांबले. हेलनला शांतता सोसत नाही.

‘आवाज कमी आहे का?’ तिने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

‘फार भरभर होतंय? नाही? मग ब्रेक घेऊ या. चहा?’

वसंतराव माझ्याकडे वळले. मराठीतही ते अडलेच, पण मी गप्प राहिलो. शेवटी म्हणाले, ‘श्रीकांत, हिला सांग, मला चहा नकोय. आणि हिने आत्ता माझं जे केलं ना, तेच तू त्या राजाचं करतोयस.’

‘म्हणजे?’

‘तो अडला की तू झुंबराचं सांगतोस.’

मी मागे जाऊन ऐकलं. खरं होतं. राजा शब्दाशी झुंजत असतो तेव्हा आवाज जवळजवळ नसतो. सॉफ्टवेअरला ती गॅप वाटते, आणि गॅप दिसली की मी ती भरतो. वर आमचा आवाज सुरू झाला की सिनेमाचा आवाज आपोआप खाली जातो, म्हणजे त्याचा श्वासही गेला. आमच्यापैकी कोणालाच हे खटकलं नव्हतं, कारण आम्ही सगळे नटाचा चेहरा बघत होतो. वसंतरावांना मात्र अस्खलित बोलणारा राजा आणि मध्येमध्ये फर्निचर एवढंच मिळत होतं.

मी हेलनला इंग्रजीत सांगितलं. ती लाल झाली, वसंतरावांना सॉरी म्हणाली आणि लगेच कामाचं बोलली, ‘अशा किती जागा?’

‘एकतीस,’ स्क्रिप्ट चाळून मी म्हणालो.

‘क्लायंटला मोठ्या रिकाम्या गॅप चालत नाहीत. परत पाठवतील.’

‘मग पाठवू देत,’ वसंतराव या वेळी इंग्रजीत म्हणाले. वाक्याला वेळ लागला. हेलनने ते पुरं होऊ दिलं.

गुरुवारी मी एकतीस जागा मोकळ्या केल्या. झुंबरं काढली. राजा पहिल्यांदा अडतो त्याच्या आधी एक छोटं वाक्य ठेवलं: ‘ओठ मिटलेले, जबडा ताठ.’ पुढे काही नाही.

शुक्रवारी क्लायंटचा माणूस, डंकन, आला. आल्या आल्या त्याने लॅपटॉप उघडला.

‘शपथेच्या सीनला अकरा सेकंद काहीच नाही. रिपोर्टमध्ये लाल दिसतंय. लोकांना वाटेल आवाज बंद पडला.’

‘मी पडदा बंद करते. फक्त ऐक,’ हेलन म्हणाली.

खोली काळोखी झाली. राजाने शपथेचा पहिला शब्द उच्चारला आणि तो अडला. एक श्वास आत गेला. घशात काहीतरी आवळलं. लांब कुठेतरी कोणी खोकलं. जड कापड हललं. पुन्हा श्वास.

‘हे बघा, इथे...’ डंकन म्हणाला.

वसंतरावांनी हात वर केला. काळोखात डंकनला तो दिसायचं कारण नव्हतं, पण त्याच्या खांद्याला लागला असावा. तो गप्प झाला.

आणि राजा बोलला. शब्दामागून शब्द, सावकाश, शेवटपर्यंत.

हेलनने दिवा लावला. डंकन लॅपटॉपकडे न बघता म्हणाला, ‘मी श्वास रोखून बसलो होतो.’ मग त्याला नोकरी आठवली. ‘पण या अकरा सेकंदांपुढे रिपोर्टमध्ये कारण काय लिहू?’

‘लिहा, राजा बोलतोय,’ मी म्हणालो.

त्याने तसंच लिहिलं. एकतीसच्या एकतीस जागा पास झाल्या.

वसंतरावांनी चिवड्याचं पाकीट फोडलं. ‘अडतो चांगला, अगदी खऱ्यासारखा,’ त्यांनी निकाल दिला. ‘पण त्याचं बरंय. सगळा दरबार उभा राहून थांबतो. पोस्टात माझ्या मागचा माणूस थांबत नाही.’

सॉफ्टवेअर अजूनही अशा जागा हिरव्याच दाखवतं. आम्ही हाताने त्या निळ्या करतो. निळं म्हणजे तिथे कोणीतरी बोलतंय, शब्द यायचे आहेत, आपण थांबायचं. आता नवीन माणसाला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

घरीही हा नियम लावून पाहिला. बायको काहीतरी सांगता सांगता थांबली. मी वाक्य पुरं केलं नाही, सल्लाही दिला नाही. शांत बसलो.

‘अहो, ऐकताय ना?’

‘ऐकतोय. तू बोल सावकाश.’

‘माझं बोलून झालंय,’ ती म्हणाली. ‘कचऱ्याची बिन बाहेर ठेवा.’