गळ्यापर्यंत भरलेली टाकी

ये गं बाय, अशी जवळ ये. उंबऱ्यावर काय बसलीस पाहुण्यासारखी? सकाळपासून बघते आहे, आल्यापासून फोनमध्ये डोकं, आणि डोकं वर काढलंस ते काय म्हणालीस? "आजी, ते आढ्याला टांगलेलं मशीन भंगारात दे, पडवीत जागा होईल." भंगारात! शहाणी झालीस मोठी. त्या मशीनमुळे आपली गाय अजून दावणीला आहे, आणि गाय आहे म्हणून मी या घरात आहे. नाहीतर आज तू मला भेटायला खोडाळ्याला आली नसतीस, ठाण्यात तुमच्याच गॅलरीत मी कपडे वाळत घालत असते. तुझी जीप यायला वेळ आहे. ऐक.

हे गवत कापायचं मशीन. पेट्रोलवर चालतं, लांब दांडा, पुढं गरगर फिरणारं पातं, खांद्याला पट्टा. तुझ्या आजोबांनी आणलं तेव्हा सगळा पाडा बघायला आला होता. आमच्याकडं दसरा गेला की वरकसावरचं, म्हणजे डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडायला लागतं. तेव्हा दहा-पंधरा दिवसांत कापून, वाळवून, भारे बांधून घरात यायला हवं. उशीर केला की त्यातला रस जातो, नुसत्या काड्या राहतात, गाय हुंगून तोंड फिरवते. भाताचा पेंढा माघापर्यंत कसाबसा पुरतो. त्यापुढं उन्हाळाभर हेच गवत. पूर्वी आम्ही दहाजणी विळे घेऊन ओळीनं बसायचो, गाणी म्हणत डोंगर उतरायचो. आता दसरा आला की पाडा रिकामा होतो. कोण वीटभट्टीवर, कोण भिवंडीकडं. विळा धरायला माणूस मिळत नाही, म्हणून ते मशीन.

आजोबांची एक खोड होती बघ. शेवटचा भारा बांधून झाला की अंगणात मशीन घेऊन बसायचे आणि ते नुसतंच चालू ठेवायचे. गवत नाही, काही नाही, आपलं घर्रर्र चाललंय. कोंबड्या पळायच्या, मी आतून ओरडायची, "पेट्रोलचा झरा लागलाय का आपल्या दारात?" ते म्हणायचे, "थांब गं, झोपवतोय त्याला." मग ते मशीन फडफडायचं, खोकायचं आणि आपोआप गप्प व्हायचं. मगच ते फडक्यानं पुसून टांगायचे. मला वाटायचं, माणसाला पोरासारखा चाळा लागला आहे. विचारलं कधी नाही.

त्यांच्या शेवटच्या हंगामात शेवटच्या दिवशी अंगात ताप होता. मशीन अंगणात ठेवलं आणि ते तसेच आडवे झाले. तेव्हा ते मीच उचलून ठेवलं, आणि माझ्या रीतीनं ठेवलं. आपल्यात रिकामं भांडं ठेवत नाहीत. कणगी झाडली तरी तळाला पसाभर नागली राहू देतात, हंडा पालथा घालण्याआधी दुसरा भरून ठेवतात. रिकामं ठेवलं की वर्षभर रिकामंच राहतं, असं माझी सासू सांगायची. मग एवढं कामाचं मशीन, त्याची टाकी कशी रिकामी ठेवू? कॅनमध्ये उरलेलं सगळं पेट्रोल ओतलं. गळ्यापर्यंत भरली. झाकण घट्ट लावलं, वर खताची गोणी घातली, हळदकुंकू लावलं. घरात आजारी माणूस, म्हटलं निदान हे तरी भरलेलं असू दे.

चैत्रात ते गेले. तुला माहीतच आहे.

पुढचा दसरा आला. तुझ्या बापाचा रोज फोन. "आये, गवत कोण कापणार? गाय विकून टाक आणि ये इकडं." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. तो म्हणाला, "बरं. दिवाळीपर्यंत चारा घरात आला नाही तर मी स्वतः येऊन गिऱ्हाईक बघतो." वाईट नव्हता गं सांगत, काळजीनंच सांगत होता. पण ती गाय आजोबांच्या हातची. वासरू असताना ते तिला भाताची पेज बोटांनी चाटवायचे. तिला दुसऱ्याच्या दावणीला कशी बांधू?

मशीन खाली काढलं. त्यांना करताना बघितलं होतं तसं रबराचा फुगा दाबला, खटका वर केला, दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. शेजारून माझी धाकटी जाऊ आली, कमरेवर हात ठेवून बघत उभी.

"काय वहिनी, दही घुसळताय का?"

"लोणी निघालं तर तुला देणार नाही," मी म्हटलं, आणि परत ओढली. खांदा भरून आला पण मशीन हूं की चूं करेना.

मग जाऊच खाली बसून न्याहाळायला लागली. जिथून धूर निघतो त्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, अगदी लिंपून. आम्ही दोघी हरखलो, सापडलं दुखणं! काडीनं कोरून सगळी माती काढली. आता होणार म्हणून देवाचं नाव घेऊन ओढली. तरी नाही. एकदा भुर्र झालं, पांढरा धूर आला आणि मेलं.

दिवाळी आठ दिवसांवर. समोरचं गवत रोज अजून पिवळं होत होतं. दारात उभं राहिलं की तेच दिसायचं.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी मशीन गोणीत गुंडाळून जीपच्या टपावर बांधलं. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, मयत नेतेस का दवाखान्यात?" मी म्हटलं, "मयत तुझी जीप. माझं नुसतं आजारी आहे." सगळे हसले. मी पण हसले, आणि दोरीची गाठ परत एकदा ओढून बघितली.

बाजाराच्या टोकाला मोटरसायकली दुरुस्त करणारा एक माणूस बसतो, चाळिशीचा असेल. त्यानं टाकीचं झाकण काढलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, हे पेट्रोल कधीचं?"

"गेल्या साली दिवाळीच्या सुमाराला भरलं. काठोकाठ."

"भरलं कशाला? कापायचं नव्हतं ना?"

"कशाला म्हणजे? रिकामं ठेवतात का घरात काही?"

मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "माझी आई तुमच्याच बाजूची, सूर्यमाळची. ती मला पाण्याची बाटलीसुद्धा रिकामी घेऊन घरात शिरू देत नाही." मग त्यानं टाकी पालथी केली. वास कसला, रंगाच्या जुन्या डब्यासारखा. कार्बोरेटर उघडून मला दाखवला. आत काकवीसारखा चिकटा बसला होता, बारीक भोकं सगळी बुजलेली. "पेट्रोल साठवलं की नासतं आजी. नागलीसारखं टिकत नाही." त्यानं भोकं धुतली, फुंकली. प्लग काढला, तो चुलीतल्या कोळशासारखा काळा. घासून परत बसवला. ताजं पेट्रोल, त्यात मापानं ऑइल. तिसऱ्या ओढीला मशीन असं ओरडलं की बाजारातली माणसं वळून बघायला लागली.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. धुराचं, म्हणाले मी त्याला.

निघताना त्यानं सांगितलं, "काम संपलं की टाकी ओतून काढायची. मग तसंच चालू करून सोडायचं. आत राहिलेलं थेंब थेंब जळू द्यायचं. फडफडून आपोआप बंद पडलं की मग टांगायचं."

मी तिथंच उभी राहिले गं. जीप सुटायला आली होती तरी उभी. झोपवतोय म्हणायचे ना ते. इतकी वर्षं मी आतून ओरडत होते, आणि त्यांनी एकदाही म्हटलं नाही की बाई, तुला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांचे गमबूट घातले, पुढं चिंध्या कोंबून. डोळ्यांत खडे उडू नयेत म्हणून ते घालायचे तो चष्मा. सकाळी दोन तास मी कापायची, जाऊ मागून पसरायची. चिडवायची, "मिस्त्रीणबाई, माझे पाय ठेवा हो!" पाचव्या दिवशी तुझ्या बापाचा फोन आला. मी फोन मशीनजवळ धरला.

"आये, हा कसला आवाज?"

"चारा," मी म्हटलं.

तो म्हणाला, "जपून चालव." त्यानंतर गायीचं नाव नाही काढलं त्यानं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी शेवटचा भारा घरात आला. टाकी ओतली, अंगणात बसले, मशीन चालू केलं. कोंबड्या पळाल्या. फडफडलं, खोकलं, गप्प झालं. मी ते फडक्यानं पुसलं.

पण टाकी रिकामी टांगायला हात होईना. सासूचं बोलणं कानात. नागलीची पुरचुंडी बांधणार होते, पण उंदीर यायचे आणि नागलीबरोबर पेट्रोलची नळीही खायचे. मग मलमाची पत्र्याची डबी धुतली, त्यात चिमूटभर नागली घातली, झाकण दाबलं आणि दांड्याला बांधली. धुराच्या भोकाला कापडाचा बोळा, कुंभारमाशीसाठी. ती बघ, अजून आहे डबी. तुला वाटलं असेल आजीनं काय कचरा बांधलाय.

जीप वाजली वाटतं. जा, पिशवी घे. आणि ऐक, गायीची कास उतरली आहे, पंधरा दिवसांत विईल. खरवस काही डब्यातून ठाण्यापर्यंत नीट येत नाही, तो इथंच, चुलीपुढं बसून खायचा असतो. तुझ्या बापालाही सांग, गाय बघायला ये म्हणावं, गिऱ्हाईक न घेता. लवकर या गं.