मेंढरांची बोट आणि करडीचं तेल

दत्तानं दांड्याच्या टोकाला हात घातला आणि वर ओढलं. आदल्या दिवशी बसवलेला, फायबरनं मढवलेला अख्खा दांडा सोलून त्याच्या हातात आला. खाली बोटीचा तळ होता तसाच राहिला. आम्ही दिवसभर खपून तिथं काही चिकटवलं होतं, याची खूणसुद्धा नव्हती.

"मॅडम, हे बघा," एवढंच तो म्हणाला. दत्ता माझ्याकडचा सगळ्यात जुना कारागीर. एरवी त्याचं तोंड बंद करावं लागतं. तो कमी बोलला की समजायचं, प्रकरण हाताबाहेर चाललंय.

माझं चिकलठाण्याच्या एमआयडीसीत फायबरचं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, बाथरूमचे दरवाजे, हे आमचं रोजचं काम. बोट मी आयुष्यात एकच दुरुस्त केली, ती ही. संभाजीनगरात बोट दुरुस्तीला आलीय म्हटल्यावर अख्ख्या गल्लीतले लोक बघायला यायचे आणि समुद्र इथून किती लांब आहे ते मला समजावून सांगायचे.

बोट रखमामावशींची. फुलंब्रीच्या पलीकडं एका धरणाच्या काठी त्यांचं गाव आहे. घरचा धंदा मेंढरांचा. पावसाळ्यात धरण भरत आलं की गावाचा जुना रस्ता पाण्याखाली जातो आणि चराईचा माळ पलीकडच्या काठावर राहतो. अलीकडं सगळीकडं उभी पिकं, तिथं कोण मेंढरं घुसू देणार? सडकेनं वळसा घालून जायचं तर वाटेत हायवे. मागं एकदा तिथं ट्रकखाली त्यांची मेंढरं गेली होती. तेव्हापासून दरवर्षी मेंढरं बोटीतूनच पलीकडं जात. मासेमारीच्या एका ठेकेदारानं टाकून दिलेली फायबरची बोट मावशींच्या मालकांनी घेतली होती. मालक गेले, बोट मावशी चालवू लागल्या.

यंदा बोटीत पाय ठेवला की फरशी दबायची. एक मेंढी मांडीपर्यंत आत गेली. मावशी मुलाला घेऊन माझ्याकडं आल्या, तेव्हा धरण निम्म्याच्या वर भरलं होतं.

"बाई, माळावर न्हाई गेली तर काय खातील? व्यापारी बघून गेलाय. बोट झाली न्हाई तर समदी त्याच्या गाडीत जातील," त्या म्हणाल्या.

खरं तर मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या बोलताना माझ्याकडं बघतच नव्हत्या, ट्रॉलीवरच्या बोटीकडं बघत होत्या. मी हो म्हणून बसले.

फायबरचं काम ऐकायला सोपं आहे. काचेच्या धाग्यांची मॅट असते आणि रेझिन नावाचं चिकट द्रव असतं. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते तापतं आणि दगडासारखं घट्ट होतं. मॅट रेझिननं भिजवत, रोलरनं हवा काढत थरावर थर द्यायचे. बोटीचा बाहेरचा सांगाडा असाच केलेला असतो. पण नुसता तो लवचीक असतो. म्हणून तळावर पुढून मागपर्यंत लाकडी दांडे बसवून त्यांच्यावर फायबर मढवतात. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. त्यांच्यावर प्लायवूडची फरशी, म्हणजे डेक. दांडे सडले की बोट पाण्यात वाकते, आणि डेक सडला की मेंढी आत जाते.

तळाचा आकार बिघडू नये म्हणून बोटीखाली लाकडी टेके दिले, वरून आडव्या पट्ट्या मारल्या आणि मग दत्तानं कटरनं डेक कापला. आतलं लाकूड म्हणजे ओला शिरा. हातानं उकरून काढलं. कारणही दिसलं. मेंढे बांधायला डेकवर लोखंडी कड्या होत्या, सरळ स्क्रूनं पिळलेल्या. स्क्रूच्या भोकांतून पाणी प्लायवूडमध्ये गेलं, तिथून दांड्यांत गेलं आणि फायबरच्या वेष्टनात कोंडून राहिलं. अशी कोंडलेली ओल लाकडाला खाते.

इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं होतं. तळ आम्ही ग्राइंडरनं घासला, पुसला, दिवे लावून वाळवला आणि पहिला दांडा बसवला. तोच दत्ताच्या हातात आला.

मी मावशींना फोन केला. त्या एसटीनं दुपारी आल्या. बोटीत आणखी काय काय पडलं होतं, डिझेल, रंग, औषध, असं मी विचारत गेले. त्या नाही म्हणत गेल्या. मग दत्तानं तळावर हाताचं बोट फिरवून वास घेतला आणि विचारलं, तेल कुठून आलं?

"ते मी घालते की," मावशी म्हणाल्या. "दर दसऱ्याला. काठीला पाजतो तसं."

मेंढपाळ आपल्या काठीला तेल पाजतो. पाजलेली काठी तडकत नाही, पाण्यापावसाला दाद देत नाही. मावशींनी बोटीलाही लाकूड म्हणूनच वागवलं. दसऱ्याला पूजा करायची, भंडारा उधळायचा आणि कड्यांच्या भोकांतून करडीचं तेल आत सोडायचं. आतल्या लाकडाला मिळावं म्हणून. इतकी वर्षं. ते तेल लाकडात जिरलं, तिथून तळाच्या फायबरमध्ये मुरलं. आणि तेलावर रेझिन चिकटत नाही.

माझी जीभ जरा लांब आहे. मी म्हणाले, "मावशी, एवढं तेल भज्यांना वापरलं असतं तर गाव जेवलं असतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी मीच सडवली व्हय ती?"

मला माझीच लाज वाटली. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि नीट सांगितलं. सडवलं पाण्यानं, कड्यांच्या भोकांतून आलेल्या. तेलानं लाकूड वाचलं नाही एवढंच, सडलंही नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पण चहा तसाच राहिला. जाताना त्यांनी विचारलं की, आता बोट होणार की नाही, तेवढं सांगा. व्यापाऱ्याला निरोप द्यायचाय. मी तीन दिवस मागून घेतले. ते कशाच्या जोरावर, मलाच माहीत नव्हतं.

तेल काढायचं कसं, हे मला येत नव्हतं. आमच्याकडं सगळं नवं, साच्यात बनतं, तेलाचा संबंधच येत नाही. आम्ही पुन्हा घासलं, ॲसिटोननं पुसलं. दिव्याच्या उबेनं तळ तापला की तेल परत वर यायचं. दत्ता म्हणाला, "शेजारी जावं लागतंय."

शेजारी म्हणजे रफिकभाई. त्यांचं पावडर कोटिंगचं युनिट माझ्या भिंतीला लागून आहे. बूथ नावाच्या खोपटात लोखंडी पार्टवर रंगाची कोरडी पूड मारून ती भट्टीत वितळवायची, हे त्यांचं काम. रंगाआधी पार्टवरचं तेल काढणं, म्हणजे डीग्रीझिंग, त्यांच्याकडं रोजच चालतं. तेलाबद्दल गल्लीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

अडचण एवढीच की आमचं बोलणं बंद होतं. माझ्या ग्राइंडिंगची धूळ त्यांच्या ताज्या पार्टवर बसायची आणि पार्ट रिजेक्ट व्हायचे. मी पडदे लावले, त्यांनी पंखे लावले, धूळ काही ऐकेना. मग एक दिवस त्यांनी मला गल्लीत सगळ्यांसमोर ऐकवलं आणि मी त्यांना तितक्याच मोठ्यानं ऐकवलं. तेव्हापासून समोरासमोर आलो की दोघंही मोबाइल बघायचो.

मी गेले. ते भट्टीजवळ उभे होते. मी सगळं सांगितलं. दांडा, तेल, मेंढरं, व्यापारी. मध्येच त्यांनी हात वर केला.

"पहले घिसा की पहले धोया?"

"घासला. मग पुसला."

"उलटा कर दिया, मॅडम." त्यांनी कपाळाला हात लावला. "ग्राइंडरनं तेल निघत नाही, आत घुसतं. आधी धुवायचं, मग घासायचं. चला, दाखवा."

ते स्वतः बोटीत उतरले. येताना बादलीत त्यांची डीग्रीझिंगची पावडर गरम पाण्यात कालवून आणली होती. ब्रशनं थोडी जागा घासली, धुतली आणि वरून साधं पाणी सोडलं. पाण्याचे गोळे झाले, कढईतल्यासारखे. "गोळे बनतायत तोवर तेल आहे. पाणी चादरीसारखं पसरून राहिलं पाहिजे. बाकी किसी की मत सुनो." त्यांनी परत घासलं, परत धुतलं. पाचव्या-सहाव्या खेपेला पाणी एकसंध पसरलं आणि तसंच राहिलं. इतक्या वर्षांत मला कुणी काही इतक्या सोप्या रीतीनं शिकवलं नव्हतं.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मुरलेलं तेल नुसतं धुऊन जाणार नाही, धुतल्यावर वरचे थर खोलवर घासून काढावे लागतील, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. म्हणजे दिवसभर ग्राइंडर चालणार, दिवसभर धूळ. त्यांच्याकडं एका कंपनीची ऑर्डर भट्टीच्या तोंडाशी होती. काम थांबवा म्हणायला मला तोंड नव्हतं.

ते बोटीतून उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "उद्या माझं बूथ बंद ठेवतो. तुमचं घासून घ्या एकदाचं."

"आणि ऑर्डर?"

"सुपरवायझर बोंब मारेल. मारू दे."

मी थँक्यू म्हणाले की नाही, मला आठवत नाही. बहुतेक नाही. मी लगेच आत जाऊन ग्राइंडरच्या चकत्या मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुतलं, घासलं, पुन्हा धुतलं. रफिकभाई मधून मधून येऊन पाणी ओतून बघायचे आणि परत जायचे. संध्याकाळी दत्तानं कोपऱ्यात मॅटची एक पट्टी चिकटवून ठेवली. सकाळी पकडीनं ओढली. पट्टी फाटली, पण सोलून आली नाही. दत्तानं पकड टेबलावर टाकली आणि त्याची बडबड सुरू झाली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी त्याला गप्प बस म्हटलं नाही.

पुढचं काम आमच्या हातचं होतं. नवे दांडे बसवले, कडेला रेझिनचा लगदा भरून गोलाई दिली, मॅटचे थर चढवले. दांड्यांत खालच्या बाजूला पाणी वाहून जायला वाटा ठेवल्या, मागं काढता येणारं बूच दिलं. डेकचं प्लायवूड दोन्ही बाजूंनी आणि कडांनी रेझिननं बंद केलं. पाय घसरू नयेत म्हणून शेवटच्या थरावर वाळू पेरली. कड्या डेकवर नाही, बाजूच्या भिंतीवर जाड फायबरचे ठोकळे करून त्यांत बसवल्या. मावशी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी हात फिरवून सगळं तपासलं आणि दसऱ्याचं काय, ते विचारलं. पूजा करा, भंडारा उधळा, तेल काठीला घाला, असं मी सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या.

मेंढरं न्यायच्या दिवशी मी, दत्ता आणि रफिकभाई असे तिघं धरणावर गेलो. रफिकभाई म्हणाले, बघू तरी आपलं पाणी कुठं पसरलंय. काठावर व्यापाऱ्याची पिकअप उभी होती. मावशींनी त्याला अजून नाही म्हटलं नव्हतं. बोट तरली तर म्हणायचं होतं.

बोट तरली. मेंढरं चढेनात.

पुढच्या मेंढ्यानं फळीवर पाय ठेवला, डेकचा वास घेतला आणि मागं फिरला. त्याच्यामागं सगळा कळप फिरला. रेझिनचा वास कितीतरी दिवस राहतो, माणसाला चालतो, मेंढराला कळत नाही हे काय आहे. ढकललं, ओढलं, हाळ्या दिल्या. व्यापाऱ्यानं पिकअपचं मागचं फाळकं उघडून ठेवलं. एवढं सगळं करून बोट उभी, आणि कळप काठावर.

मावशी शांत होत्या. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, डेकच्या मधोमध अंथरलं आणि त्यावर बसून जिभेनं टक् टक् आवाज केला. मेंढा फळीवर आला. थांबला. घोंगड्याचा वास घेतला आणि मावशींच्या गुडघ्याशी जाऊन उभा राहिला. मग बाकीची एकमेकांना रेटत आत शिरली. एवढं ओझं पडूनही डेक हलला नाही. दत्ता काठावरून मान वाकडी करून डेकची कड न्याहाळत होता.

पहिली खेप पलीकडं सोडून मावशी परत आल्या. बोटीतूनच व्यापाऱ्याला म्हणाल्या, "दादा, जावा आता. इकायची न्हाईत." त्यानं फाळकं लावलं आणि गेला. मग त्या आमच्याकडं वळल्या. त्यांनी रफिकभाईंचा हात दोन्ही हातांत धरला, मग माझा धरला आणि दुसऱ्या खेपेला लागल्या.

शेजाऱ्याचे आभार मानायची आपल्याकडं फारशी पद्धत नाही. त्या दिवशी परतताना गाडीतही मी मानले नाहीत. आम्ही हायवेवरच्या खड्ड्यांबद्दल बोललो. म्हणून इथं मानते.

बाकी धडा एवढाच. जुन्या फायबरवर नवं चिकटवायचं असेल तर आधी धुवा, मग घासा. आणि घासायच्या आधी शेजारी विचारून घ्या, त्यांचं बूथ चालू आहे का.