मी बांधलेली पट्टी

एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. सोलापुरात एका गिरणीची नवी इमारत उभी राहत होती आणि त्या बांधकामावर मी हजेरी-कारकून होतो. वडील मराठी शाळेत मास्तर. मॅट्रिक झालेल्या मुलाला सावलीत बसायचं काम मिळालं, याचं घरच्यांना समाधान होतं.

बांधकामावर प्रथमोपचाराची पेटी हवी आणि ती वापरता येणारा एक माणूस हवा, असा हुकूम गिरणीच्या कचेरीतून आला. मला इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून माझं नाव गेलं. एका डॉक्टरांकडे मी आठ दिवस शिकायला गेलो. मोडलेल्या हाताला फळी कशी लावायची, रक्त कसं थांबवायचं, डोक्याला, गुडघ्याला, डोळ्याला पट्टी कशी बांधायची. पट्ट्या मला झकास जमायच्या. धाकट्या बहिणीला समोर बसवून मी सराव करायचो आणि ती कंटाळून रडायला लागायची. चुन्यानं भाजलं तर काय करायचं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. हातानं करून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून ते वहीतच राहिलं.

पेटी आली. आत आयोडीन, बोरिक पावडर, कापूस, पट्ट्या. बिगारी कापूस पळवतील म्हणून हेडक्लार्कनी तिला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या जानव्याला बांधली. तपासणीला साहेब आले की पेटी उघडायची. एरवी ती बांधकामावरच्या कचेरीत टेबलावर नुसती असायची.

कामावर सांगोल्याकडचं एक धनगर जोडपं होतं. दोन वर्षं पाऊस नाही, मेंढरं मेली, म्हणून शहरात आलेलं. नवरा खोदकामावर, बायको चुन्याची घमेली वाहायची. ती मोठ्यानं हसणारी बाई होती. मला मास्तर म्हणायची, कारण माझ्या हातात कायम वही.

चुन्याची कळी हौदात टाकून वर पाणी सोडलं की ती फुटते आणि रटरटायला लागते. एका सकाळी कुणीतरी पाटीभर कळी एकदम ओतली. हौदाच्या काठाशी वाकलेल्या त्या बाईच्या तोंडावर शिंतोडा उडाला. ती दोन्ही हातांनी चेहरा धरून खाली बसली.

"आई गं! डोळा गेला माजा!"

नवरा खड्ड्यातून वर आला. "मास्तर, बगा की! कायतरी करा!"

मी धावलो. पण तिच्याकडे नाही, कचेरीकडे. हेडक्लार्क गिरणीत गेले होते. मी तिकडे धावलो. जानव्याची गाठ सोडता सोडता त्यांनी विचारलं, "कुणाला लागलंय? गवंड्याला की बिगाऱ्याला?" मी उत्तर न देता किल्ली ओढून घेतली आणि कचेरीतली पेटी उचलून परत पळत आलो. तोवर एका तेलुगू गवंड्यानं आपल्या तांब्यातलं प्यायचं पाणी तिच्या तोंडावर ओतलं होतं. तांबा केवढा, पाणी केवढं! कचेरीबाहेर लिंबाखाली पाण्यानं भरलेले तीन माठ होते. जाताना आणि येताना मी त्यांच्या शेजारूनच पळालो होतो.

उजवा डोळा सुजून मिटला होता. ती तो उघडू देईना. मी त्यावर कापूस ठेवला आणि पट्टी बांधली, शिकवली होती तशी, एकही वळी न पडता. इंजिनियर साहेब बघायला आले. म्हणाले, "छान. अगदी पुस्तकातल्यासारखी." हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

टांग्यातून तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, पापणी उलटी केली. आत पांढरा चुना तसाच होता. ते कितीतरी वेळ पाण्याची धार सोडत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ही पट्टी कुणी बांधली?"

"मी."

"तिथे पाणी नव्हतं?"

"होतं."

त्यांनी पुन्हा पाण्याची धार सोडली.

डोळा गेला. पायरीवर बसलेल्या नवऱ्याला मी ते सांगितलं, तर त्यानं माझेच पाय धरले. "तुमी हुता म्हनून टांगा तरी मिळाला. न्हाय तर आमाला कोन इचारतंय?" मी त्याला उठवलं. खरं काय ते माझ्या तोंडून निघालं नाही.

महिन्याभरानं ती कामावर परतली. डाव्या डोळ्यानं बघायचं म्हणून सगळी मान वळवायची. मी तिला चुकवत राहिलो. शेवटी एका दुपारी दोघं भाकरी खात बसलेली असताना समोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे तवाच पानी घातलं असतं तर डोळा ऱ्हायला असता?" तिनं विचारलं.

"बहुतेक राहिला असता."

"मग त्या दिवशी का न्हाय बोललासा? ह्यो मानूस तुमच्या पाया पडला की."

नवरा भाकरी तशीच टाकून उठून गेला. तिनं त्याची भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाली, "हौदापाशी पानी ठिवा आता. घागर नगं, पिंप ठिवा."

हेडक्लार्क म्हणाले, "नियमात पेटी आहे. पिंप कुठे लिहिलंय?" आयुष्यात पहिल्यांदा मी वडीलधाऱ्या माणसावर आवाज चढवला. पिंप ठेवलं गेलं. रोज सकाळी ते मी स्वतः स्वच्छ पाण्यानं भरायचो. पेटीचं कुलूपही काढायला लावलं.

पुढे पावसाळ्याआधी एका गवंड्याच्या दोन्ही डोळ्यांत चुना उडाला. मी खुर्चीतून उठेपर्यंत त्या बाईनं त्याची मानगूट धरून डोकं पिंपात बुडवलं होतं. तो हातपाय झाडत होता, ही सोडत नव्हती. "डोळं उघड! पान्यात उघड!" असं ओरडत होती. त्याचे डोळे वाचले.

तिचा नवरा माझ्याशी पुन्हा बोलला नाही. हजेरीला नाव पुकारलं की नुसता हात वर करायचा. इमारत पुरी झाली त्या दिवशीही त्यानं तेवढंच केलं. मग तो बायकोच्या उजव्या बाजूला गेला आणि वाटेतल्या विटा पायानं बाजूला सारत तिच्याबरोबर फाटकाबाहेर पडला.